ताटाचा फोटो पाठव

माझी भाची दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात निघाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला काही ना काही बजावले. वडील म्हणाले, कागदपत्रे सांभाळ. आजी म्हणाली, थंडीत कान बांधून फिर. आईने मसाला, जवसाची चटणी आणि सुकट बांधून दिली. मी नर्स, म्हणून मी औषधांची पिशवी भरली: तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, बँडेज, थर्मामीटर. एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच सांगितली नाही. पोटभर जेव. ही सांगायची गोष्ट आहे, असे कुणाला वाटलेच नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी तिचे फोटो येत राहिले. संगीतकार बाख जिथे काम करायचा ते सेंट थॉमस चर्च, १४०९ साली सुरू झालेले तिचे विद्यापीठ, बर्फाने झाकलेल्या सायकली. आम्ही सगळे कौतुकाने बघायचो. त्या फोटोंत खाण्याचा एकही पदार्थ नव्हता, हे माझ्यासारखीच्याही लक्षात आले नाही. मी अठरा वर्षे वॉर्डात काढली आहेत, आता वस्त्यांमध्ये बायकांच्या आरोग्याचे काम करते. तरी घरचे माणूस असले की नजर चुकते.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री फोन आला. ती मैत्रिणींबरोबर दोन दिवस प्रागला गेली होती. "मावशी, स्टेशनवर चक्कर येऊन पडले. आता बरी आहे. आईला सांगू नकोस."

मी तिला डोळ्याची खालची पापणी ओढून फोटो पाठवायला सांगितला. आतला भाग लाल-गुलाबी दिसायला हवा, तो पांढुरका दिसत होता. मग विचारले, काल दिवसभरात काय खाल्लेस? बराच वेळ ती बोलली नाही. नंतर एकेक बाहेर आले. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी बिस्किटे. रात्री पाकिटातले नूडल्स. प्रागला जाताना पिशवीत पावाचे पाकीट आणि जॅमची बाटली. हे एका दिवसाचे नव्हते, साडेतीन महिन्यांचे होते.

का, तर धाकट्या भावाची फी भरायची होती. मिळणाऱ्या शिष्यवृत्तीतून ती दर महिन्याला पैसे बाजूला ठेवत होती, आणि वाचवायला तिला एकच जागा दिसली, स्वतःचे पोट. "साडेतीन युरोचं एक जेवण म्हणजे साडेतीनशे रुपये, मावशी. तेवढ्यात आपल्याकडे दोन दिवसांची भाजी येते." मी रागावले, तेव्हा ती म्हणाली, "बाबासाहेब तर अर्धपोटी राहून शिकले ना लंडनमध्ये?"

वाचकहो, या वाक्याने मी गप्प झाले. ही गोष्ट आपणच तिला लहानपणापासून सांगितली होती. १९२० नंतर बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला शिकत होते तेव्हा हातात पैसा अपुरा होता, म्हणून त्यांना अर्धपोटी राहावे लागले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपण ती गोष्ट इतक्या अभिमानाने सांगतो की उपाशी राहणे हाच अभ्यासाचा भाग आहे, असे मुलांना वाटू लागते. मी तिला म्हटले, "त्यांनी ते सोसलं, ते तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून. तुला मिळालेल्या पैशात तुझं जेवण धरलेलं आहे. ते तू खायलाच हवं." हे खरेच आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याच्या राहण्याखाण्याचा खर्च महिना ९९२ युरो धरला आहे. त्यात खोलीभाडे येते, विमा येतो आणि जेवणही येते.

लाइपझिगच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. शरीरातला लोहाचा साठाही संपत आला होता. आम्ही विदर्भातले, म्हणून मी आधी तिचा सिकलसेलचा जुना रिपोर्ट काढायला लावला. तो निगेटिव्ह होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी वरून दोन अटी घातल्या. एक, रोज ताटाचा फोटो पाठवायचा. दोन, जे शहर बघायला जाशील तिथे एकदा तरी बसून पूर्ण जेवायचे, आणि काय जेवलीस ते मला सांगायचे. "नुसते पूल आणि चर्च बघून आलीस, तर ते शहर तू पाहिलंस असं मी धरणार नाही."

पहिला फोटो विद्यापीठाच्या खाणावळीतला आला. जर्मनीत तिला मेन्सा म्हणतात. विद्यार्थ्यांना तिथे बाहेरच्या माणसांपेक्षा कमी दर लागतो. ताटात मसुराचे घट्ट सूप, कोबीची कोशिंबीर, काळपट पावाचे दोन तुकडे आणि वाटीत पांढरे काहीतरी. मी विचारले, हे काय? "क्वार्क. मावशी, हा तर आपला चक्काच आहे! फक्त आंबट कमी." खरोखरच चव आणि पोत जवळचा. शंभर ग्रॅम बिनसायीच्या क्वार्कमध्ये सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात, आणि अर्धा किलोचा डबा तिथे स्वस्तात मिळतो. काळपट पाव राईच्या धान्याचा. आपल्या भाकरीसारखा जड, सावकाश पचणारा. त्यातही एक शिकण्यासारखे आहे. पावाचा रंग गडद असला म्हणजे तो पूर्ण धान्याचा असतोच असे नाही, रंग माल्टनेही येतो. पाकिटावर 'फोलकॉर्न' शब्द बघायचा. ते नाव लावायला जर्मनीत पावातले किमान ९० टक्के धान्य कोंड्यासकट असावे लागते.

फेब्रुवारीत ती बर्लिनला गेली. लाइपझिगहून वेगवान गाडीने सव्वा तासाचा रस्ता. तिथून डोनरचा फोटो आला. उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे पातळ काप, भरपूर कोबी, कांदा, टोमॅटो, दह्याची लसूण घातलेली चटणी, आणि हे सगळे पावाच्या खिशात. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. कारखान्यात राबायला आलेल्या त्या माणसांनी हे खाणे बर्लिनमध्ये आणले. कादिर नुरमान यांनी १९७२ मध्ये ते पावात घालून विकायला सुरुवात केली, असे बहुतेक लोक मानतात. आज सगळे बर्लिन ते उभ्याने खाते. "मावशी, ज्यांना पाहुणे कामगार म्हणायचे, त्यांचंच जेवण आता या शहराचं जेवण झालंय," ती म्हणाली. मला हे वाक्य फार आवडले.

दुसऱ्या दिवशी करीवूर्स्टचा फोटो आला. सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर. युद्धानंतरच्या पडझडीच्या बर्लिनमध्ये हर्टा होयवर नावाच्या बाईने १९४९ साली आपल्या टपरीवर ते सुरू केले. भाचीने घाबरत विचारले, "हे खाल्लं तर चालेल?" चालेल. चव घ्यायला एकदा खाल्ल्याने काही होत नाही. मात्र सॉसेज, सलामी, हॅम ही प्रक्रिया केलेली मांसे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ती कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तिथे ते स्वस्त असते, पावावर ठेवले की झाले, म्हणून मुलांना त्याचीच सवय लागते. ताजे मांस, मासे, अंडी आणि डाळ यांची सवय लावून घ्यावी.

मार्चमध्ये ती पुन्हा प्रागला गेली, ड्रेस्डेनला गाडी बदलून. मुद्दाम गेली. "जिथे पडले तिथेच जेवून दाखवते," म्हणाली. कडाक्याची थंडी होती. तिने चेस्नेच्का मागवले, म्हणजे लसणाचे गरम सूप. त्यात बटाटा आणि वरून पावाचे तळलेले तुकडे. चेक लोक दुपारच्या जेवणाची सुरुवात अनेकदा सुपाने करतात. त्यानंतर मांसाचा रस्सा आणि वाफवलेल्या कणकेचे काप. पर्यटकांच्या गल्लीत ट्रडेलनिक नावाची साखरेत घोळवलेली नळी मिळते, सगळे तिचाच फोटो काढतात. भाची म्हणाली, "तीही खाल्ली, पण जेवण झाल्यावर." मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. जानेवारीत हीच मुलगी याच शहरात जॅम आणि पावावर होती.

तिथून ती व्हिएन्नाला गेली. तिथल्या कॅफेत कॉफी मागवली की छोट्या तबकात पाण्याचा पेलाही ठेवतात. एका कपावर तासन्‌तास वाचत बसले तरी कुणी उठवत नाही. पाणी नळाचेच, पण ते आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचे. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, आणि डोंगरावरून उताराने ते पाणी आजही शहरात येते. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. पण तिच्या एका फोटोवर मी थांबले. जेवणाचे ताट आणि शेजारीच कॉफीचा मोठा कप. चहा-कॉफीतले घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात कमी शोषले जाते. विशेषतः डाळी आणि पालेभाज्यांतले. गोळीचेही तसेच. म्हणून चहा-कॉफी जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा नंतर घ्यावी. आपल्याकडे तर जेवण संपायच्या आत चहाचे आधण चढते. ही सवय इथेही सोडायला हवी.

याच्या उलट काम करणारी गोष्ट तिला बुडापेस्टमध्ये भेटली. हंगेरीत गुयाश म्हणजे मांस, बटाटा, गाजर आणि लाल पाप्रिका घातलेले पातळसर सूप. बाजारात लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या. याच देशातल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने पाप्रिकाच्या ताज्या मिरचीतून मोठ्या प्रमाणावर क जीवनसत्त्व काढले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क जीवनसत्त्व अन्नातले लोह शरीरात शिरायला मदत करते. डाळीवर लिंबू पिळतो, पालेभाजीबरोबर कच्चा टोमॅटो खातो, त्याचा उपयोग हाच. शिजवल्यावर आणि वाळवल्यावर हे जीवनसत्त्व कमी होते, म्हणून ताजे खायचे. भाचीने त्या दिवसापासून मसुराच्या सुपाबरोबर कच्ची ढोबळी मिरची खायला सुरुवात केली. रस्त्यावर तिने लांगोशही खाल्ला, आंबट साय आणि किसलेले चीज घातलेली तळलेली मोठी पुरीच ती. फोटोखाली लिहिले होते, "मैत्रिणीबरोबर अर्धा-अर्धा."

एप्रिलमध्ये रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन ११.३. मी तिला सांगितले, आकडा वाढला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. रक्त भरून आल्यावरही शरीरातला साठा भरायला काही महिने लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबायचे.

ईस्टरच्या सुट्टीत रोम झाले. तिथे रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, वाकडी तोटी असल्यामुळे लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक म्हणतात. पहिले नळ १८७४ मध्ये बसवले. आज शहरात सुमारे अडीच हजार आहेत, आणि पाणी पिण्याचे आहे. तिची एकच बाटली चार दिवस पुरली. पिझ्झा तिथे वजनावर मिळतो. हवा तेवढा तुकडा कात्रीने कापून देतात. पण तिने आनंदाने पाठवलेला फोटो पिझ्झाचा नव्हता, चिकोरिया नावाच्या कडवट पालेभाजीचा होता. उकडून, लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीवर परतलेली. "मावशी, सहा महिन्यांनी पालेभाजी खाल्ली!" घरी चिवळ आणि आंबाडीची भाजी बघून नाक मुरडणारी ही मुलगी.

मे महिन्यात नेदरलँड्समधल्या हेग शहरात एका मैत्रिणीने तिला सुरिनामी लोकांच्या खाणावळीत नेले. ताटात मोठी मऊ रोटी, कोंबडीचा रस्सा, बटाटा, उकडलेले अंडे आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी. १८७३ साली 'लल्ला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला पोहोचले. मजूर मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. उसाच्या मळ्यांवर त्यांनी राबायचे होते. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे कितीतरी वंशज नेदरलँड्सला आले. भाषा बदलली, देश दोनदा बदलला, रोटी मात्र टिकली. भाचीने सगळ्यांसमोर हाताने जेवून घेतले. त्या ताटात धान्य, प्रथिने, भाजी सगळे होते. माझ्या वहीतले आहाराचे चित्र काढून ठेवावे तसे.

जूनमध्ये लिस्बन. संत अँथनीच्या उत्सवात तिथे गल्लीगल्लीत कोळशावर सार्डिन मासे भाजतात, आपल्या कोकणात त्याला तारली म्हणतात. या तेलकट माशात ड जीवनसत्त्व असते, आणि डब्यातली सार्डिन काट्यासकट खाल्ली की कॅल्शियमही मिळते. डबे स्वस्त असतात आणि खोलीत टिकतात. बकल्याव म्हणजे मिठात वाळवलेला कॉड मासा, दुकानात फळ्यांसारखा रचून ठेवलेला. शिजवायच्या आधी तो दिवसभर किंवा जास्त पाण्यात भिजवून मीठ काढतात. "आजीच्या सुकटीचा मोठा भाऊ," असे तिने लिहिले. बेकरीत पाव मागताना तिला हसू आले, कारण पोर्तुगीज शब्द ऐकायला जवळजवळ आपलाच. पाव आणि बटाटा, आपल्या वडापावातले दोन्ही शब्द त्या भाषेतून आलेले आहेत.

जुलैत हिमोग्लोबिन १२.६ आले. आणि भावाची फी? तीही भरली गेली, हप्त्याने. आम्ही मावश्या-मामांनी थोडे थोडे वाटून घेतले. हे आधी विचारले असते तर आधीच जमले असते. तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

यंदा ज्यांच्या घरून मुले निघणार आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवते:

• निघण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. विदर्भ, खानदेश आणि आदिवासी भागातल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणीही करून रिपोर्ट बरोबर द्यावा. सिकलसेलच्या रुग्णाने प्रवासात पाणी भरपूर प्यावे, थंडीपासून जपावे आणि डॉक्टरांना विचारूनच निघावे.

• रक्त न तपासता लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. रक्त कमी होण्याची कारणे अनेक असतात.

• बाहेरून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा पाठवू नका. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. सुकवलेले मासे मात्र स्वतःच्या खाण्यापुरते, २० किलोपर्यंत, नेता येतात. आजीची सुकट नियमात बसते!

• कशाची ॲलर्जी असेल तर विचारा. युरोपीय संघात १४ प्रकारच्या घटकांची माहिती देणे खाणावळींना बंधनकारक आहे. जर्मनीत 'मेट' नावाने मिळणारा डुकराचा खिमा कच्चा असतो, तो टाळावा.

• हिवाळ्यात तिथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागते. ऑक्टोबर ते मार्च डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

• अडचणीच्या वेळी संपूर्ण युरोपीय संघात ११२ हा क्रमांक चालतो. जर्मनीत दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

आणि आई-वडिलांनो, एक शेवटचे. फोनवर आपण विचारतो, अभ्यास कसा चाललाय, पैसे पुरतात का. पोरे 'हो' म्हणतात आणि फोन संपतो. त्याऐवजी विचारा, आज काय जेवलीस? काय जेवलास? उत्तर द्यायला वेळ लागला, तर फोन ठेवू नका.

भाचीचे फोटो अजून येतात. काल मेन्सामधला आला. मसुराचे सूप, कच्ची ढोबळी मिरची, क्वार्क. समोरच्या खुर्चीवर नागपूरकडून नुकताच आलेला एक मुलगा बसला होता, त्याच्याही पुढ्यात भरलेले ताट. खाली तिने लिहिले होते, "हा बिस्किटांवर होता, मावशी. आता याच्याही ताटाचा फोटो मी मागते."